रेल्वेचे दोन हिशेब

२०१६ च्या जूनपासून रेल्वेच्या तिकिटावर एक नवी ओळ छापून येऊ लागली: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम भारतीय रेल्वे वसूल करते. ही ओळ वाचून प्रवाशाने कृतज्ञ व्हावे, ओशाळे व्हावे की पुढच्या भाडेवाढीची मानसिक तयारी करावी, हे छापणाऱ्यांनी स्पष्ट केले नाही. उरलेले ४३ टक्के कोण भरतो, हेही त्या ओळीत नव्हते. त्याचे उत्तर बव्हंशी असे आहे की ते कोळसा, लोहखनिज, सिमेंट आणि खत पाठवणारे भरतात, आणि रेल्वेने वाहिलेल्या मालात निम्म्याच्या आसपास वजन एकट्या कोळशाचे असल्याने, लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाच्या तिकिटाचा काही भाग तो स्वतःच घरच्या वीजबिलातून चुकता करत असतो.

सरकारी रेल्वे व्यापारी पद्धतीने वागू लागते म्हणजे नक्की काय होते, याविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एका बाजूला खासगीकरणाची भीती आणि दुसऱ्या बाजूला खासगीकरणाची आस. प्रत्यक्षात भारतीय रेल्वेत व्यापारी शिस्त खासगीकरणाच्या कितीतरी आधी आली, आणि ती अशा ठिकाणी आली जिथे गिऱ्हाईकाला मत नव्हते. लोहखनिजाचा रेक, म्हणजे वॅगनची अख्खी गाडी, मतदान करत नाही, पासधारक करतो. गेल्या काही दशकांतील रेल्वेच्या निर्णयांकडे या एका दृष्टीने पाहिले, तर एरवी विसंगत वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींची संगती लागते.

सुरुवात मात्र फार जुनी आहे. रेल्वे खासगी कंपन्यांकडे होत्या त्या काळात ब्रिटिश भांडवलदारांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती, त्यामुळे काटकसर करण्याचे त्यांना कारण नव्हते. नफा झाला तर त्यांचा आणि तूट आली तर हिंदुस्थानच्या करदात्याची. पुढे सरकारने एकेक रेल्वे विकत घेतली. आपली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) १९०० मध्ये सरकारच्या मालकीची झाली, तरी तिचा कारभार थेट सरकारकडे येण्यास १९२५ साल उजाडले. दरम्यान सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली १९२० मध्ये नेमलेल्या समितीने दाखवून दिले, की दर मार्चअखेर ज्याचा निधी संपुष्टात येतो आणि ज्याचा खर्च अर्थखात्याच्या सोयीने कापला जातो, असा उद्योग कोणालाही नीट चालवता येणार नाही. त्यातून १९२४ चा ठराव आला. रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा निघाला, झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी घसारा निधीची व्यवस्था झाली, आणि रेल्वेने सरकारी तिजोरीला दरवर्षी काय द्यायचे ते ठरले: व्यापारी मार्गांवर गुंतलेल्या भांडवलावर १ टक्का, शिवाय उरलेल्या नफ्याचा पाचवा हिस्सा.

यातला ‘व्यापारी मार्ग’ हा शब्दप्रयोग सहज आलेला नाही. वायव्य सरहद्दीकडे लष्करासाठी टाकलेले मार्ग सामरिक म्हणून बाजूला काढले होते आणि त्यांचा तोटा रेल्वेच्या देण्यातून वजा होत असे. म्हणजे सरकारला जी सेवा तोटा सोसूनही हवी आहे तिचे पैसे सरकारने मोजावेत आणि बाकीचा धंदा रेल्वेने धंद्यासारखा करावा, ही वाटणी शंभर वर्षांपूर्वी कागदावर आली होती. स्वातंत्र्यानंतर रेल्वेवरील सामाजिक जबाबदाऱ्या वाढत गेल्या: उपनगरी गाड्या, तोट्यातील शाखामार्ग, नाना प्रकारच्या सवलती. सरकारी तिजोरीला दरवर्षी द्यायच्या रकमेत, म्हणजे लाभांशात, थोडीफार सूट मिळत राहिली, पण या सेवांचा मोठा तोटा एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्याच्या पद्धतीनेच भागवला गेला. मालवाहतुकीचे दर चढे ठेवायचे आणि प्रवासी भाडे दाबून धरायचे, हे सूत्र बनले. परिणामी १९५०-५१ मध्ये देशातील बहुतांश माल रेल्वेने जात होता, तो पुढच्या अर्धशतकात ट्रककडे सरकत सरकत रेल्वेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला.

२००१ मध्ये राकेश मोहन समितीने सांगितले, की हे असेच चालले तर रेल्वे दिवाळखोरीच्या वाटेवर आहे. तिचे कंपनीत रूपांतर करावे आणि भाडे ठरवण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमावा. त्या काळी ऑपरेटिंग रेशो ९८ च्या पुढे होता, म्हणजे शंभर रुपये मिळवण्यासाठी अठ्ठ्याण्णव रुपये खर्ची पडत होते. कंपनी झाली नाही, नियामकही आला नाही. तरीही २००७-०८ मध्ये हाच आकडा ७६ च्या खाली आला आणि लाभांश देण्यापूर्वीची रोख शिल्लक २५,००० कोटी रुपयांपर्यंत गेली. लालूप्रसाद यादव यांच्या कारकिर्दीतील हा प्रकार देशोदेशीच्या व्यवस्थापनाच्या वर्गांतून शिकवला गेला. तो नेमका कसा घडला हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात ना नवे मार्ग होते, ना कामगारकपात.

कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या उघड्या बॉक्स-एन वॅगनची अधिकृत भारक्षमता सुमारे ५८ टन होती. प्रत्यक्षात खाणीवर त्याहून जास्त माल भरला जाई आणि जादा मालाचे भाडे रेल्वेच्या पदरात पडत नसे. मंत्रालयाने ठराविक मार्गांवर आधी सहा आणि मग आठ टन जादा भरण्यास रीतसर परवानगी दिली आणि त्याचे भाडे आकारले. एका रेकमध्ये अशा ५८ वॅगन असतात. प्रत्येकी आठ टन म्हणजे एका फेरीत ४६४ टन माल अधिक, इंजिन तेच, चालक तोच आणि रूळही तेच. दुसरा उपाय वेळेचा होता. एकदा भरलेली वॅगन रिकामी होऊन पुन्हा भरायला उभी राहीपर्यंत सुमारे सात दिवस जात, ते सुमारे पाचांवर आले. त्यासाठी मालधक्के रात्रीही चालू ठेवले, माल चढवण्या-उतरवण्याची मोफत मुदत आवळली, आणि प्रत्येक फेरीनंतर होणारी रेकची तपासणी ठराविक किलोमीटर धावल्यानंतर होऊ लागली. सात दिवसांच्या चक्रात वॅगन वर्षाला बावन्न फेऱ्या करते. पाच दिवसांच्या चक्रात त्र्याहत्तर. शिवाय चीनला जाणाऱ्या लोहखनिजाचे भाव तेव्हा गगनाला भिडले होते. रेल्वेने निर्यातीच्या खनिजाचे भाडे त्याच हिशेबाने वाढवले, आणि पाठवणाऱ्यांनी ते मुकाट्याने दिले, कारण एवढे वजन बंदरापर्यंत नेण्यास दुसरा सोयीचा मार्ग नव्हता.

माझ्या मते हा व्यापारी दृष्टीचा अस्सल नमुना होता: हाताशी असलेल्या मालमत्तेतून अधिक काम काढणे आणि गिऱ्हाईकाची देण्याची ताकद ओळखून भाव लावणे. पण त्याच्या मर्यादाही तिथेच होत्या. जादा भाराने रूळ, पूल आणि वॅगन यांची किती झीज झाली, हा खर्च त्या वर्षांच्या आकड्यांत पुरता उतरला नव्हता. पुढे सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आली आणि २००९-१० मध्ये ऑपरेटिंग रेशो पुन्हा ९५ च्या पुढे गेला. तेव्हाच्या रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी डिसेंबर २००९ मध्ये श्वेतपत्रिका काढून आधीच्या शिलकीची मांडणी कशी केली होती यावर बोट ठेवले. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील असे सांगितले, तेव्हा किती कामे मागे पडली होती याचा अंदाज आला.

मालवाहतुकीत एवढे घडत असताना प्रवासी भाड्याला हात लावायला मात्र कोणी धजावत नव्हते. १४ मार्च २०१२ रोजी रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी भाडेवाढ मांडली आणि काही दिवसांतच त्यांच्याच पक्षाने त्यांना मंत्रिपदावरून दूर केले. २०१४ चे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. त्या वर्षी जूनमध्ये, नवे सरकार येऊन महिनाही झाला नव्हता, तोच रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांच्या खात्याने प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर केली. त्यात मुंबईकरांच्या जिव्हारी लागणारे एक कलम होते. लोकलचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळत असे, तो तीस फेऱ्यांच्या हिशेबाने द्यायचे ठरले. महिन्याचे पंचवीस दिवस कामाला जाणारा माणूस पन्नास फेऱ्या करतो, तेव्हा तीस फेऱ्यांचे पैसे मागणे हिशेबाला धरूनच होते. पण पास एका रात्रीत दुप्पट होणार होता आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. मुंबईच्या खासदारांनी दिल्ली गाठली आणि २४ जूनला ते कलम मागे घेतले गेले. जानेवारी २०२० मध्ये आणि जुलै २०२५ मध्ये लांब पल्ल्याच्या भाड्यात किलोमीटरमागे काही पैशांनी वाढ झाली, तेव्हा उपनगरी तिकीट आणि पास यांना दोन्ही वेळा सुखरूप बाहेर ठेवण्यात आले. मी स्वतः मध्य रेल्वेचा पासधारक असल्याने या विषयात निःपक्षपाती असल्याचा आव आणू शकत नाही.

जिथे भाव ठरवण्याची मोकळीक मिळाली, तिथेही रेल्वे ती वापरायला अजून शिकतेच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना विमानासारखे चढते भाडे लागू झाले. दर दहा टक्के जागा विकल्या की भाडे दहा टक्क्यांनी वर, दीडपटीपर्यंत. उत्पन्न वाढले, पण प्रवासी घटले, आणि काही मार्गांवर राजधानीच्या वातानुकूलित डब्यापेक्षा विमान स्वस्त पडू लागले, असे महालेखापरीक्षकांनीच दाखवले. अखेर २०१८ च्या शेवटी काही गाड्या त्यातून वगळून कमाल मर्यादाही खाली आणावी लागली. चूक अशी होती, की भाव वर जाण्याची सोय केली होती, खाली येण्याची नव्हती. गाडी अर्धी रिकामी धावत असेल तर भाव पाडणे हाही धंदाच असतो. याची प्रचिती मुंबईत मे २०२२ मध्ये आली. वातानुकूलित लोकल डिसेंबर २०१७ पासून धावत होती, पण पाच किलोमीटरसाठी ६५ रुपये मोजायला लोक तयार नव्हते. एकेरी तिकिटाचे दर निम्म्याने उतरवून ते ३० रुपये केल्यावर गाड्या भरू लागल्या, आणि आता तिथेही दार बंद होता होता आत शिरण्याची कसरत करावी लागते.

व्यापारी पद्धती आत आणण्याची तिसरी रीत म्हणजे वेगळी कंपनी काढणे. खाते बदलणे कठीण, कंपनी स्थापणे सोपे. सल्ला देणारी राइट्स १९७४ मध्ये, बांधकाम करणारी इरकॉन १९७६ मध्ये, रोखे उभारणारे वित्त महामंडळ १९८६ मध्ये, कंटेनर वाहणारी कॉनकॉर १९८८ मध्ये आणि ऑनलाइन तिकिटे व खानपान पाहणारी आयआरसीटीसी १९९९ मध्ये अशी ही वंशावळ आहे. कंपनी झाली की तिला कंपनी कायद्याप्रमाणे ताळेबंद मांडावा लागतो, कामाला माणसे निवडून घेता येतात, आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी तिला कुठे कुठे जाऊन बोलावे लागते. कॉनकॉरने आधी रेल्वेचेच कंटेनर डेपो हाती घेतले आणि त्यातून भरभराटीचा उद्योग उभा केला. मात्र मायबाप मंत्रालयाने कंपनीला वाढवायचे की दुभायचे हे पक्के केलेले नसेल, तर काय होते ते आयआरसीटीसीच्या बाबतीत ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. २०१९ मध्ये ३२० रुपयांना विकलेला तिचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला होता. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी मंत्रालयाने कळवले, की ऑनलाइन तिकिटावरील सुविधा शुल्काचा अर्धा वाटा आता रेल्वेला द्यावा. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर कोसळला आणि त्याच दिवशी तो आदेश मागे घेतला गेला. भागधारकांचा दणका इतक्या तातडीने दिल्लीपर्यंत पोहोचतो, हे पाहून मला पासधारकांच्या संघटनांची आठवण झाली; त्यांच्या निवेदनांना इतक्या लवकर पोच मिळाल्याचे ऐकिवात नाही.

खासगी गाड्यांचा प्रयोग फसला तो याच कारणाने. जुलै २०२० मध्ये १५१ गाड्यांसाठी बारा गटांत निविदा निघाल्या, ३०,००० कोटींची गुंतवणूक येईल असे सांगितले गेले. वर्षभराने लखोटे उघडले तेव्हा बोली लावणारे दोघेच निघाले, आणि त्यातली एक खुद्द रेल्वेची आयआरसीटीसी. रूळ, सिग्नल, वेळापत्रक आणि प्रतिस्पर्धी गाड्या हे सगळे ज्याच्या हातात, तोच भाडेकरूशी तंटा झाल्यास न्यायही देणार असेल, तर घर भाड्याने घ्यायला कोण पुढे येईल? भाडे आणि प्रवेश यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाला मंत्रिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमती दिली होती, पण ते प्रत्यक्षात आले नाही. बिबेक देबरॉय समितीनेही २०१५ मध्ये सर्वांत आधी हिशेबपद्धती सुधारा आणि स्वतंत्र नियामक नेमा, मग इतरांना रुळांवर येऊ द्या, असा क्रम सांगितला होता. आपण तिसरी पायरी आधी चढायला गेलो.

हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो ब्रिटनच्या सरकारी रेल्वेने एकेकाळी बरोबर पाळला होता. १९६८ च्या कायद्याने तोट्यातल्या पण गरजेच्या मार्गांना वेगळे अनुदान मिळू लागले, १९७४ मध्ये त्याला सार्वजनिक सेवेच्या मोबदल्याचे रूप आले, आणि मग १९८२ मध्ये ब्रिटिश रेलने भौगोलिक विभागांऐवजी धंद्यांप्रमाणे वाटणी केली: लांब पल्ल्याच्या गाड्या, लंडनभोवतीची वाहतूक, प्रांतांतील सेवा, माल, पार्सल. प्रत्येक धंद्याला एक जबाबदार माणूस मिळाला. कोणता पूल, कोणता रूळ, कोणता डबा कोणाच्या खात्यावर, हे ठरवताना भांडणे झाली असणार, पण ठरले. लांब पल्ल्याची इंटरसिटी काही वर्षांत अनुदानाविना नफ्यात आली. त्यानंतर १९९३ च्या कायद्याने त्या रेल्वेचे तुकडे पाडले, ही कथा वेगळी. त्या तुकड्यांच्या दुष्कीर्तीत आधीच्या दशकाचे काम झाकले गेले.

आपल्याकडे उलट घडले. २०१७ मध्ये रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि लाभांश रद्द झाला, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ९,७०० कोटींचा बोजा उतरला. वर्तमानपत्रांनी याला सुधारणा म्हटले, आणि रेल्वेच्या कामांना पैसा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मिळू लागला हे खरेच आहे. पण लाभांश ही भांडवलाची किंमत होती. ती हिशेबातून गेल्यावर नवा मार्ग, नवे स्थानक किंवा नवी गाडी किती परतावा देते हे विचारण्याची गरजच उरत नाही. तोट्यातील सेवेचे पैसे सरकारने वेगळ्या ओळीत, नावानिशी द्यावेत, हे मात्र तेव्हाही झाले नाही. तिकिटावरची ती ५७ टक्क्यांची ओळ कोणत्या गाडीला, कोणत्या मार्गाला किती लागू पडते, हे कोणाला सांगता येत नाही. मी सबसिडीच्या विरोधात नाही. कल्याण-कसाऱ्याहून येणाऱ्या माणसाला परवडणाऱ्या दरात कामावर पोहोचवणे हे मुंबईच्या अर्थव्यवस्थेचे काम आहे. ते ओडिशाच्या खाणीतून निघालेल्या कोळशाच्या भाड्यातून का भागवावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

राहता राहिली आपली कोकण रेल्वे, जी या सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना हे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. रोखे विकून पैसा उभा केला आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्री पोखरून काढलेला मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. कर्ज फेडायचे म्हणून या मार्गावर प्रवासाचे अंतर भाड्यापुरते ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते. रत्नागिरीचा माणूस खऱ्या शंभर किलोमीटरला एकशे चाळीस किलोमीटरचे पैसे देतो, आणि ते का, हे निदान त्याला विचारता येते. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक चपट्या वॅगनवर चढतो, चालक आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून झोपतो आणि घाट, खड्डे व डिझेल वाचवून गोव्यात उतरतो. ज्या ट्रकने रेल्वेचा माल पळवला त्यालाच गिऱ्हाईक करण्याची ही कल्पना एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याला शोभणारी होती. तरीही कर्जाचे ओझे पेलले नाही, केंद्राला आर्थिक फेररचना करावी लागली, आणि दुहेरीकरणासाठी लागणारा पैसा स्वबळावर उभा राहत नाही हे उघड झाले. २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही तिच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर. नाव राहिले तर आनंदच आहे, पण कोकणातल्या प्रवासी संघटनांनी आताच दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: ते फुगवलेले ४० टक्के कधी उतरणार, आणि विलीनीकरणानंतर या मार्गाचा जमाखर्च पूर्वीप्रमाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणार की नाही.